पॅरिश (अँग्लिकन) व तिचे सणवार

पॅरिश : अँग्लिकन चर्चच्या रचनेतील सर्वांत लहान प्रादेशिक घटक. एक चर्च, एक पाळक आणि ठरलेली शीव, या तीन गोष्टींची मिळून पॅरिश होते. त्यांतली शीव मुख्य. शिवेच्या आत राहणारा माणूस उपासनेला येवो न येवो, तो त्या पॅरिशचा धरला जातो आणि तिथल्या चर्चमध्ये लग्न लावण्याचा हक्क त्याला साधारणतः कायद्यानेच असतो. इंग्लंडात आज सुमारे १२ हजार पॅरिश आहेत. मराठी कॅथलिकांत यासाठी ‘धर्मग्राम’ हा चांगला शब्द रुळला आहे. तो रोमन रचनेशी जोडलेला असल्याने येथे ‘पॅरिश’च वापरला आहे.

उगम : मूळ ग्रीक शब्द ‘पारोइकिया’. त्याचा अर्थ परक्या गावी वस्ती करून राहणे. आरंभीच्या ख्रिस्ती लिखाणात तो बिशपच्या अख्ख्या क्षेत्राला लावलेला दिसतो. गावापुरता संकोच नंतरचा. इंग्लंडमध्ये पॅरिशची घडी कोणी बसवली याबद्दल एकमत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर (कार्यकाळ ६६८–६९०) याला श्रेय देण्याची परंपरा जुनी आहे, पण तिला आधार तोकडा. त्याने हर्टफर्ड येथे भरवलेल्या परिषदेचे ठराव बीड या मठवासी इतिहासकाराने उतरून ठेवले आहेत; त्यांत बिशपांनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये असे आहे, गावोगावच्या पॅरिशबद्दल काही नाही. उलट ७३४ मध्ये बीडच एका पत्रात तक्रार करतो, की दुर्गम खेड्यांना वर्षानुवर्षे बिशप दिसत नाही. बसलेल्या घडीचे हे वर्णन म्हणता येणार नाही.

अलीकडे अधिक मान्य असलेले मत असे : सातव्या-आठव्या शतकांत मोठमोठ्या मुलखासाठी एकेक मातृचर्च असे, तिथे पाळकांचा समूह राही आणि आसपासच्या वस्त्यांत फिरे. दहाव्या ते बाराव्या शतकांत जमीनदारांनी आपापल्या गावी चर्च बांधली आणि हे मोठे मुलूख फुटत गेले. राजा एडगरचा सु. ९६० चा कायदा या मताला पोषक आहे : ज्या जमीनदाराच्या चर्चला दफनभूमी आहे त्याने आपल्या दशांशाचा तिसरा हिस्सा त्या चर्चला द्यावा, बाकीचा जुन्या मातृचर्चला. म्हणजे वाटणीचा तंटा तेव्हा चालू होता. आक्षेपकांचे म्हणणे असे, की सातव्या शतकातील सुसूत्र जाळे हे बरेचसे नंतरच्या कागदांवरून मागे ताणलेले अनुमान आहे. दक्षिण इंग्लंडपुरते मातृचर्चांचे मत पटण्यासारखे आहे. उत्तरेत कागदच विरळ. जमीनदारीच्या हद्दी आणि पॅरिशच्या हद्दी जागोजाग जुळतात, ते मात्र वादापलीकडचे. साधारण बाराव्या शतकाअखेर या हद्दी गोठल्या. पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत पॅरिश फोडायची तर बहुधा पार्लमेंटचा स्वतंत्र कायदाच लागे.

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. धान्य, गवत, लाकूड यांचा मोठा दशांश ज्याला मिळे तो रेक्टर. तो हक्क मठाकडे गेलेला असेल, तर लहानसहान दशांशावर भागवणारा तो व्हिकार. १५३६–४० मध्ये मठ मोडले तेव्हा हे मोठे दशांश खाजगी मालकांच्या हाती गेले, आणि बायबलला हातही न लावणारा जमीनदार कागदोपत्री रेक्टर झाला. १८३६ च्या कायद्याने दशांशाचे रोख रकमेत रूपांतर केले. बलुत्याशी तुलना मोह पाडते, पण बलुते कामाच्या मोबदल्यात असे. दशांश काम होवो न होवो, द्यावाच लागे.

कारभार : हिशेब व इमारत पाहणारे दोन चर्चवॉर्डन दरवर्षी ईस्टरच्या सुमारास निवडले जात. गावकऱ्यांच्या बैठकीला ‘व्हेस्ट्री’ म्हणत. पाळकाचे झगे ठेवण्याच्या खोलीत ती भरे म्हणून हे नाव. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवायची असे ठरले. १५५५ मध्ये रस्त्यांची आणि १६०१ मध्ये गरिबांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर पडली. १६६२ च्या वस्तीविषयक कायद्यानंतर तर, कोणता निराधार कोणाच्या माथी, हे शिवेवरून ठरू लागले. परगावच्या गरोदर निराधार बाईला प्रसूतीपूर्वी शिवेपार हाकलण्याचे प्रकार घडत, कारण मूल जिथे जन्मेल तिथला भार व्हायचे. ही मुलकी कामे १८९४ मध्ये निवडलेल्या पॅरिश कौन्सिलांकडे गेली. चर्चच्या कामकाजाला १९२१ पासून वेगळी समिती आहे.

सणांची यादी : मध्ययुगात सणांचे दिवस इतके वाढले होते, की ऐन सुगीत मजूर मिळेना, अशी ओरड होती. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत १ जुलै ते २९ सप्टेंबर या काळातील बहुतेक सण रद्द झाले आणि प्रत्येक चर्चचा वास्तुअर्पणाचा उत्सव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एकदम उरकावा असे फर्मान निघाले. गावांनी ते फारसे मनावर घेतले नाही. हे उत्सव ‘वेक्स’ या नावाने तगले आणि लँकाशरमध्ये पुढे कापडगिरण्यांच्या वार्षिक सुट्टीत रूपांतरित झाले. तोवर संताचे नाव पुष्कळांच्या लेखी पुसलेच होते. आपल्याकडे जत्रा राहते आणि देव कोणता ते विचारावे लागते, तसेच.

प्रार्थनापुस्तक १५४९ मध्ये प्रथम आले आणि १६६२ मध्ये स्थिर झाले. त्यातील यादीत सर्व रविवार, प्रभू येशूच्या चरित्रातले दिवस, प्रेषित व शुभवर्तमानकार, सर्व संत व देवदूत एवढेच प्रमुख सण आहेत. बायबलात आधार असलेला सण ठेवायचा, दंतकथेवरचा गाळायचा, असे धोरण दिसते. मात्र गाळलेल्या संतांची नावे पंचांगात बारीक काळ्या अक्षरांत परत शिरली. त्यांना प्रार्थना नाही, सुट्टी नाही, नाव तेवढे. प्रमुख सण लाल अक्षरांत छापत. मराठी घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ईस्टर चांद्र गणिताने ठरतो : २१ मार्च रोजी अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. ही पौर्णिमा आकाशातली नसून कोष्टकातली असते, त्यामुळे क्वचित दोहोंत अंतर पडते. उपवासकाळ, येशूचे स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा पेंटेकॉस्ट हे सारे ईस्टरला बांधलेले. १६६२ च्या नियमानुसार प्रत्येक रहिवाशाने वर्षातून निदान तीनदा प्रभुभोजन घ्यावे, त्यांत ईस्टर असावाच.

तिमाहीचे सण : २५ मार्च (मरियेला देवदूताचा सांगावा, ‘लेडी डे’), २४ जून (बाप्तिस्मा करणारा योहान), २९ सप्टेंबर (मायकेल व सर्व देवदूत, ‘मिकलमस’) आणि नाताळ या चार तारखांना खंड भरला जाई, भाडेपट्टे सुरू होत, गडी ठेवले वा सोडले जात. मिकलमसला कुळाने मालकाला लठ्ठ हंस नेऊन देण्याची चाल होती. सणाचा धार्मिक अर्थ प्रवचनात येई. तो अंगाला लागे हिशेबाच्या वहीतून. इंग्लंडमध्ये कायद्याचे नवे वर्षही १७५१ पर्यंत २५ मार्चलाच सुरू होई. म्हणून जुन्या नोंदवहीत ‘फेब्रुवारी १६८८’ असे दिसले तर ते आजच्या गणतीने १६८९ समजावे. वंशावळी शोधणारे इथे हमखास ठेचकाळतात. नाताळची तारीख याच २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवून आली असे एक मत, रोमन सूर्योत्सवावरून आली असे दुसरे. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूला नाही.

१७५२ मध्ये २ सप्टेंबरचा दुसरा दिवस १४ सप्टेंबर धरून ११ दिवस गाळले गेले. वर्षाचा कर अपुऱ्या दिवसांवर कसा घ्यायचा म्हणून हिशेबाची तारीख तेवढीच पुढे गेली. ब्रिटनचे करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होते, त्याचे मूळ हे. पण २५ मार्चमध्ये ११ मिळवल्यास ५ एप्रिल येते. मग हा जादा दिवस कुठला? १८०० हे लीप वर्ष न धरल्यामुळे आणखी एक दिवस सरकवला, असे सांगतात. तसे असते तर १९०० मध्येही एक दिवस सरकायला हवा होता. तो सरकला नाही. २५ मार्च हा करवर्षाचा पहिला नव्हे तर शेवटचा दिवस मोजत, हे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे.

शिवेची फेरी : स्वर्गारोहणाच्या गुरुवारआधीचे सोमवार, मंगळवार, बुधवार हे ‘रोगेशन’चे, म्हणजे पिकासाठी याचनेचे दिवस. फ्रान्समधील व्हिएन येथील बिशप मामेर्तुस याने सु. ४७० मध्ये आपत्तीच्या वेळी हे सुरू केले. ५११ च्या ऑर्लेआँ परिषदेने ते गॉलभर (म्हणजे तेव्हाच्या फ्रान्सभर) लागू केले आणि इंग्लंडात ७४७ च्या परिषदेत त्यांचा उल्लेख येतो. रोममध्ये २५ एप्रिलला निघणारी मिरवणूक वेगळी. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून रोमन लोक त्याच तारखेला ‘रोबिगालिया’ पाळत. तारीख जुळते, मार्गही बराच जुळतो, तेव्हा ती मिरवणूक जुन्या सणावर बेतली असणे संभवते. इंग्लिश फेरी मात्र गॉलच्या परंपरेतून आली, त्यामुळे तिला थेट रोमन सण म्हणणे घाईचे. रोमनांच्या शीवदेवतेच्या सणाशी तिचा संबंध जोडणारे तर केवळ साम्यावर विसंबतात.

१५५९ मध्ये एलिझाबेथ राणीच्या आज्ञेने इतर मिरवणुका बंद झाल्या, ही तेवढी राहिली. पाळक आणि गावातली जाणती माणसे शीव धरून चालत, १०३ व १०४ ही स्तोत्रे म्हणत, आणि शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला अनुवादाच्या ग्रंथातला शाप ऐकवला जाई. नकाशे दुर्मीळ असल्याने शीव माणसांच्या डोक्यात ठेवावी लागे. त्यासाठी पोरे बरोबर नेत. शिवेच्या दगडाशी आले की एखाद्याला उचलून त्याचे ढुंगण दगडावर आपटत, ओढा लागला तर पाण्यात ढकलत, आणि मग हातावर नाणे किंवा सुकामेवा ठेवत. पन्नास वर्षांनी शिवेचा दावा लागला की तोच पोर म्हातारा होऊन साक्षीला उभा राही आणि दगड कुठे होता ते सांगे. चर्चवॉर्डनांच्या हिशेबात या दिवसाखाली पाव, चीज व बिअरचा खर्च टाकलेला आढळतो. ऑक्सफर्डमध्ये सेंट मायकेल ॲट द नॉर्थ गेट हे चर्च स्वर्गारोहणाच्या दिवशी ही फेरी अजून काढते : मंडळी सोललेल्या काठ्या घेऊन निघतात, शिवेच्या खुणा आता दुकानांच्या आत गेल्याने गिऱ्हाइकांमधून वाट काढत जातात, खडूने खूण करतात आणि काठ्या बडवतात.

इतर : २ फेब्रुवारीच्या मेणबत्त्या आशीर्वादित करण्याची रीत १५४८ मध्ये थांबवली गेली. प्युरिटन, म्हणजे कर्मठ सुधारकांच्या, पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर सारेच रद्द केले. त्या नाताळात कँटरबरीत दंगल झाली. १६६० नंतर सण परतले. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाआधीच्या रविवारची प्रार्थना ‘ढवळून जागे कर’ अशा अर्थाने सुरू होते, म्हणून घरोघर नाताळचे पुडिंग त्या दिवशी ढवळायला घेत. चर्चमधला सुगीचा सण जुना वाटतो, पण तो प्रार्थनापुस्तकात नाही. कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो येथे तो १८४३ मध्ये पाळकाने सुरू केला. नऊ वाचनांची नाताळ-उपासनाही तशीच, १८८० ची, ट्रूरो येथील.

महाराष्ट्रात : इंग्लिश अर्थाची शीव इथे नव्हती, ईस्ट इंडिया कंपनीने नेमलेले पाळक, म्हणजे चॅपलिन, असत. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये नाताळच्या दिवशी उघडले. किल्ल्याच्या त्या बाजूच्या वेशीला चर्चगेट नाव पडले, आणि शहरातले मैलाचे दगड या चर्चपासून मोजत. पुण्यात पंचहौद मिशन याच परंपरेचे. तिथे १८९० मध्ये टिळक, रानडे आदींनी चहा घेतला आणि ग्रामण्य उभे राहिले. १९७० पासून ही चर्च उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन आहेत. ज्या प्रेषिताच्या नावाने मुंबईचे हे चर्च आहे त्याचा सण १६६२ च्या पुस्तकात २१ डिसेंबरला येतो; इंग्लंडच्या नव्या पंचांगाने तो ३ जुलैला नेला. ही तारीख सिरियन परंपरेची, केरळातले ख्रिस्ती ती कधीपासून पाळत आलेले.