जर्मेनियम फझ की सिलिकॉन फझ: कमी गेनला कुठला घ्यायचा

फझ, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचा आवाज फाडणारा पेडल, म्हटलं की सगळ्यांना तो फुल फाटलेला आवाजच आठवतो. पण मला फझ सगळ्यात जास्त आवडतो तो अगदी कमी गेनला, म्हणजे हलक्या हाताने वाजवलं तर जवळजवळ क्लीन आणि पिकचा जोर जरा वाढला की स्वराच्या कडेला बारीकशी खरखर. या टोनसाठी पेडल घेताना जर्मेनियम आणि सिलिकॉन (आतले ट्रान्झिस्टर ज्या पदार्थाचे असतात तो) यात हमखास गोंधळ होतो, कारण बाहेरून दोन्ही सेमच, तोच गोल डबा, तेच दोन नॉब आणि आत दोनच ट्रान्झिस्टर.

या गोल डब्याचा मूळ पेडल, फझ फेस, १९६६ ला लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढला तेव्हा आत जर्मेनियम होते, एसी१२८ किंवा एनकेटी२७५, आणि साठचं दशक संपता संपता बीसी१०८ सारखे सिलिकॉन आले. सर्किट जवळपास तेच राहिलं पण ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो ते, बदलला. जर्मेनियमच्या चांगल्या जोडीत पहिला साधारण ७०-८० चा आणि दुसरा ११०-१३० चा निवडतात, सिलिकॉन २००-४०० आरामात देतो. म्हणून सिलिकॉन जास्त चिरका, जास्त आक्रमक वाटतो आणि जर्मेनियमचा ट्रेबल जरा गोलसर राहतो.

आता मुख्य गोष्ट. कमी गेन पाहिजे म्हणून लोक पेडलवरचा फझचा नॉब खाली आणतात आणि मग आवाज मरगळलेला, जीव गेल्यासारखा येतो आणि खापर पेडलवर फुटतं. फझचा नॉब फुल किंवा फुलच्या जरासा खालीच ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करा!! या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो, त्यामुळे पिकअपवर थेट लोड येतो, आणि व्हॉल्यूम १० वरून ६-७ वर आणला की पिकअप आणि पेडलच्या मध्ये पॉटचा (व्हॉल्यूम नॉबमागच्या भागाचा) रेझिस्टन्स येतो, सिग्नल कमी होतो, शिवाय ट्रेबल पण मोकळा होतो, म्हणून तो काचेसारखा चमकणारा क्लीन मिळतो जो अँपच्या नुसत्या क्लीनपेक्षा वेगळाच असतो. सिलिकॉनही असा क्लीन होतो, पण जास्त टोकदार, आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबच्या अगदी छोट्या टप्प्यात सगळं घडतं, बोट जरासं हललं की एकदम फझ. जर्मेनियममध्ये मधली पायरी सापडते आणि कमी गेनवाल्याला नेमकी तीच हवी असते.

आणि हो, फझच्या आधी बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारं छोटं सर्किट) नको, ट्यूनर बफरवाला असेल तर तो नंतर लावा. मध्ये बफर आला की गिटारचा व्हॉल्यूम आणि फझ यांचं नातंच तुटतं, मग कुठलाही ट्रान्झिस्टर असो, नीट क्लीन होत नाही.

जर्मेनियमची अडचण म्हणजे उष्णता. गरम झाला की लीकेज (ट्रान्झिस्टरमधून गळणारा करंट) वाढतं आणि बायस (ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर बसवलेला असतो तो) सरकतो. एकदा स्टेजच्या गरम लाइटखाली माझा पेडल अर्ध्या गाण्यात तुटक तुटक बोलायला लागला, नोट संपायच्या आधीच गळा दाबल्यासारखी बंद, रात्री घरी गार झाल्यावर परत ठणठणीत. खूप वाईट वाटलं होतं, कारण दुपारी साउंडचेकला तोच पेडल इतका सुंदर वाजला होता. शिवाय जुन्या पद्धतीचे पीएनपी जर्मेनियम पॉझिटिव्ह ग्राउंडचे असतात (बाकीच्या पेडलच्या उलट, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला), म्हणून बाकीच्या पेडलसोबत एकाच अडॅप्टरच्या साखळीत जोडायचे नाहीत, बॅटरी किंवा वेगळा आयसोलेटेड सप्लाय घ्या. सिलिकॉनला यातलं टेन्शन बहुतेक नाही, रोज सारखाच वाजतो.

माझं स्पष्ट मत, घरी किंवा स्टुडिओत वाजवत असाल तर जर्मेनियम, तोही बाहेर बायसचा नॉब असलेला. सतत शो असतील तर कमी गेनचे ट्रान्झिस्टर निवडून बनवलेला सिलिकॉन बघा, बायस नॉब असेल तर अजून बरं. ट्राय करताना मात्र रिफ मारत बसू नका, अँप क्लीन ठेवा, फझ फुल करा, गिटारचा व्हॉल्यूम ५ वर आणून एकच कॉर्ड हळू वाजवा, त्यातली एकेक तार वेगळी ऐकू येते का बघा, मग तोच कॉर्ड जोरात.