विकेंद्रित नवीकरणीय ऊर्जा : धोरण व पाठपुरावा (पुणे)

घर, गृहरचना संस्था, शेत किंवा गाव यांच्या पातळीवर सूर्यप्रकाश, शेण, ओला कचरा, शेतातील काडीकचरा किंवा लहान जलप्रवाह यांपासून मिळवलेली आणि मुख्यतः तिथल्या तिथे वापरलेली ऊर्जा. प्रस्तुत नोंदीत अशा ऊर्जेसंबंधीची राज्यशासनाची धोरणे आणि त्यांबाबत पुण्यातील संस्था व नागरिकांनी केलेला पाठपुरावा यांचा विचार केला आहे. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) या शासकीय संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे आणि तिच्या कामाची चिकित्सा करणाऱ्या संस्थांपैकी काही महत्त्वाच्या संस्थाही याच शहरात आहेत. त्यामुळे राज्यातील या विषयाचा इतिहास बऱ्याच अंशी पुण्याच्या अंगाने लिहिता येतो.

‘लहान’ कशाला म्हणावे याबाबत शासकीय वर्गीकरणात एकवाक्यता नाही. जलविद्युतेत 25 मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प लघु ठरतो. पानशेत आणि वरसगाव धरणांच्या पायथ्याची प्रत्येकी 8 मेगावॉटची वीजगृहे या व्याख्येत बसतात. छतावरील सौर संचाची मोजणी मात्र 1 किलोवॉटपासून सुरू होते. पानशेतच्या एका वीजगृहाची स्थापित क्षमता 3 किलोवॉटच्या अडीच हजारांहून अधिक घरगुती संचांइतकी भरते. ही नोंद प्रामुख्याने दुसऱ्या टोकाची आहे.

उगम : भारतातील बायोगॅसचा आरंभ मुंबईच्या कुष्ठधामापासून धरण्याची प्रथा आहे, मात्र त्याच्या सालाबद्दल मतभेद आहेत. अनेक तांत्रिक पुस्तिका 1859 हे साल देतात, तर काही लेखक 1897 मानतात. माटुंग्याचे कुष्ठधाम 1890 च्या सुमारास स्थापन झाले, हे लक्षात घेता 1859 हे साल त्या जागेला लागू पडणे कठीण दिसते. पहिले साल एखाद्या वेगळ्या संस्थेचे असावे किंवा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलेली ती चूक असावी. 1897 हे साल अधिक ग्राह्य वाटते. मैल्याच्या टाक्यांवर वायू साठवण्याची सोय करून तो इंधन म्हणून वापरला गेला, एवढ्यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. पुढे 1939 च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. जशभाई पटेल यांच्या ‘ग्रामलक्ष्मी’ आराखड्यावरून खादी व ग्रामोद्योग आयोगाने 1960 नंतर तरंगत्या टाकीचे संयंत्र देशभर नेले. जमिनीखालच्या स्थिर घुमटाची ‘जनता’ (1978) आणि ‘दीनबंधू’ (1984) ही संयंत्रे त्यानंतरची. लोखंडी टाकी गंजते, तिला दरवर्षी रंग द्यावा लागतो आणि ती महाग पडते, ही आयोगाच्या आराखड्याची अडचण होती. घुमट स्वस्त, पण गवंडी कसलेला नसेल तर त्याला तडे जाऊन वायू गळतो.

पुणे जिल्ह्यातील परंपरा शेणापेक्षा मैल्याशी अधिक जोडलेली आहे. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर (मृ. 2015) यांनी गावच्या स्वच्छतेच्या कामातून शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्र विकसित केले. कोकणातील सर्वोदयी कार्यकर्ते अप्पा पटवर्धन यांच्या नावाने त्यांनी देहूत सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन चालवले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची नोंद सहसा आरोग्याच्या खात्यावर पडते, ऊर्जेच्या नाही. ऊर्जाविषयक संदर्भग्रंथांत त्यांचा उल्लेख तुरळक आढळतो, याचे कारण बहुधा हेच असावे.

आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘आरती’ (ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या पुण्याच्या संस्थेने शेणाला फाटा दिला. उसाच्या पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याच्या तंत्राला 2002 मध्ये आणि घरगुती बायोगॅस संयंत्राला 2006 मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. हे संयंत्र बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्यांचे असते. मोठ्या टाकीत थोडी लहान टाकी उपडी बसवतात. मिक्सरमध्ये वाटलेले शिळे अन्न किंवा खराब पीठ नळीवाटे आत सोडतात; वायू साठला की वरची टाकी उचलली जाते. पिष्टमय व शर्करायुक्त खाद्यावर वायू साधारण एका दिवसात मिळतो आणि शेणाच्या तुलनेत खाद्य कितीतरी कमी लागते, असे संस्थेचे प्रतिपादन आहे. संयंत्र सुरू करताना विरजणासारखे शेण मात्र लागतेच. एकदम जास्त खाद्य टाकले की आतला पदार्थ आंबट होऊन वायू थांबतो. शहरी घरांतील बंद पडलेल्या संयंत्रांमागे बरेचदा एवढेच कारण असते.

धोरण : राज्यधोरणाचा आरंभ कोठे धरावा याबद्दल तीन मते दिसतात. काही अभ्यासक 1981–82 च्या केंद्रीय बायोगॅस विकास प्रकल्पापासून सुरुवात करतात. काही महाऊर्जाच्या स्थापनेपासून (नोंदणी 1985, प्रत्यक्ष काम 1986 पासून) करतात, तर काहींच्या मते वीज कायदा 2003 च्या कलम 86 ने राज्य वीज नियामक आयोगावर अपारंपरिक ऊर्जेच्या प्रोत्साहनाची जबाबदारी टाकली तेव्हापासून खरे धोरण सुरू झाले. चुली व बायोगॅसपुरते पहिले मत पुरेसे आहे. विजेबाबत 2015 हा टप्पा अधिक निर्णायक म्हणावा लागतो, कारण तोवर लहान उत्पादकाला अनुदान मिळत होते, पण आपली वीज जाळ्यात (ग्रिडमध्ये) सोडण्याचा हक्क नव्हता.

20 जुलै 2015 च्या राज्य धोरणात 14,400 मेगावॉटचे लक्ष्य ठरले. त्यात सौर 7,500 आणि पवन 5,000 मेगावॉट होते. डिसेंबर 2020 च्या धोरणात ते 17,360 मेगावॉट झाले, पैकी 12,930 मेगावॉट सौर. दोन्ही धोरणांचे मुख्य माप मेगावॉट हेच. लहान संचांना त्यांत जागा आहे, परंतु एकूण आकडा मोठ्या प्रकल्पांनी भरून निघतो आणि यंत्रणेचे लक्षही साहजिकच तिकडे जाते.

नेट मीटरिंग : महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये छतावरील सौर संचांसाठी नेट मीटरिंगचे विनियम लागू केले. ग्राहकाने जाळ्यातून घेतलेले युनिट (इंपोर्ट) आणि जाळ्याला दिलेले युनिट (एक्स्पोर्ट) यांची वजावट होऊन उरलेल्याचेच बिल येते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात व 31 मार्चला हिशेब बंद होतो. पुण्यात 1 किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी 4 युनिट देतो आणि त्याला साधारण 10 चौ.मी. सावलीविरहित जागा लागते. गच्चीवरील पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारची उंच इमारत वगळली की जुन्या सहा मजली सोसायटीच्या गच्चीवर सर्व सदनिकांना पुरेल इतकी जागा सहसा उरत नाही. म्हणून सोसायट्या बहुधा लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांच्या सामाईक मीटरपुरता संच बसवतात.

एका रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) किती सौरक्षमता जोडता येईल, हा या विनियमांतील सर्वांत तांत्रिक भाग होय. 2015 मध्ये ही मर्यादा रोहित्राच्या क्षमतेच्या 40 टक्के होती. 2019 मध्ये ती 70 टक्क्यांवर नेण्यात आली. दुपारी वस्तीतील वापर कमी आणि उत्पादन जास्त असते. अशा वेळी वीज उलट दिशेने वाहून विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो, हे मर्यादेमागचे कारण दिले जाते. प्रत्यक्षात, ज्यांनी आधी अर्ज केला त्यांच्यावरच ही जागा संपते.

2019 च्या मसुद्यात नेट मीटरिंग आखडून बहुतेक ग्राहकांना नेट बिलिंगकडे वळवण्याचा प्रस्ताव होता. त्यात ग्राहकाची सौर वीज कमी दराने विकत घेतली जाते व त्याच्या वापराला नेहमीचा दर लागतो. राज्यभरातून हरकती आल्यावर 30 डिसेंबर 2019 च्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले. केंद्राच्या नियमांतही हीच ओढाताण झाली : 2020 अखेरीस 10 किलोवॉटपर्यंत ठेवलेली नेट मीटरिंगची सवलत जून 2021 मध्ये 500 किलोवॉटपर्यंत वाढवण्यात आली. वीज कंपनीच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा असा, की जास्त वापराचा ग्राहक सौरकडे गेला की त्याच्या बिलातून शेतकरी व गरीब ग्राहकांना मिळणारी क्रॉस सबसिडी आटते. हा मुद्दा निराधार नाही. मात्र घरगुती संचांचा एकूण वाटा लहान असताना त्याला दिले गेलेले वजन अधिक वाटते. वेळेनुसार वीजदरांची व्याप्ती वाढत गेल्यावर दुपारचे युनिट संध्याकाळच्या वापरातून वजा करू द्यावे का, असा नवा वाद उभा राहिला आहे.

पाठपुरावा : पुण्यातील पाठपुरावा मोर्चापेक्षा सुनावणीच्या टेबलावर अधिक झाला. 1994 मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने, विशेषतः गिरीश संत (मृ. 2012) आणि शंतनू दीक्षित यांनी, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या कराराच्या विश्लेषणातून आकडेमोडीवर आधारलेल्या हस्तक्षेपाची पद्धत रूढ केली. स्थानिक वीजनिर्मितीच्या दृष्टीने 2006 ची ‘पुणे मॉडेल’ ही व्यवस्थाही विचारात घ्यावी लागते. शहराबाहेरून वीज मिळेना तेव्हा उद्योगांनी स्वतःच्या जनित्रांवर वीज तयार करावी, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यावी आणि जादा खर्च बिलातील आकाराच्या (शुल्काच्या) रूपाने ग्राहकांनी सोसावा, अशी ही योजना होती. उद्योगांच्या संघटनेने ती मांडली, वीज नियामक आयोगाने मंजूर केली आणि भारनियमन टळले. जनित्रे डिझेलची होती, त्यामुळे नवीकरणीय ऊर्जेच्या ग्रंथांत ही व्यवस्था सहसा येत नाही. तरीही स्थानिक निर्मिती शहराच्या वीजनियोजनात धरता येते, हे तिने आधीच दाखवले होते.

महापालिका व अनुदाने : सौर संच, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत प्रकल्प यांपैकी एक असल्यास पुणे महापालिका मालमत्ता करात 5 टक्के आणि एकाहून अधिक असल्यास 10 टक्के सवलत देते. फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला 2 किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट 30,000 रुपये आणि 3 किलोवॉट वा अधिक क्षमतेला एकूण 78,000 रुपये अनुदान आहे. सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी ते प्रति किलोवॉट 18,000 रुपये आहे. पेशवे पार्कातील प्राणी कात्रजला हलवल्यानंतर त्या जागेवर ऊर्जा उद्यान उभारण्यात आले.

ग्रामीण भाग : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (2017) शेतीच्या वाहिन्यांना उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज देते. या कल्पनेच्या मांडणीत ‘प्रयास’चा वाटा मानला जातो. 2023 च्या सुधारित योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक 1,25,000 रुपये भाडे असून त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. गायरान जमिनी या प्रकल्पांना देण्यास काही गावांतून चराईच्या प्रश्नावरून विरोध झाला.

जाळ्यापासून दूरच्या वस्त्यांबाबत माहिती विरळ आहे. जुन्नर तालुक्यातील दरेवाडी येथे पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ संस्थेने 2012 मध्ये सुमारे 40 घरांसाठी 9.4 किलोवॉटचे सौर सूक्ष्मजाळे उभारले. घरोघरी मीटर बसवले आणि वसुली व देखभाल गावच्या न्यासाकडे दिली. दरमहा जमा होणाऱ्या पैशातून मुख्यतः बॅटरी बदलण्याची तरतूद करायची असते, कारण पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकले तरी शिसे-आम्ल बॅटरी पाच-सात वर्षांत बदलावी लागते.