खासगी जमिनीवरचं हरीण व्यवस्थापन

आपल्या मालकीच्या रानात, कुरणात किंवा शेताच्या कडेच्या झाडीत हरणं आणि शिकारीचे बाकी प्राणी-पक्षी धडधाकट राहावेत म्हणून जमीनमालक जे काही करतो त्या सगळ्याला अमेरिकेत डिअर मॅनेजमेंट म्हणतात. नाव हरणाचं, पण काम जवळजवळ सगळं जमिनीचं. हरणाशी थेट संबंध येतो तो शिकारीच्या सीझनमध्ये, आणि तोही मोजून. इथे हरीण म्हणजे मुख्यतः व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं, सांबर-चितळाच्याच कुळातलं, म्हणजे नराची शिंगं दरवर्षी गळून परत उगवणारं. त्याच जमिनीवर टर्की हा कोंबड्यासारखा मोठा रानपक्षी आणि बॉबव्हाइट नावाची लावरी पण असते, आणि हरणासाठी केलेल्या बऱ्याच गोष्टी त्यांनाही चालतात, सगळ्या नाही.

जमीन मालकाची, हरीण कोणाचं?

तिथला कायदा म्हणतो की रानटी जनावर कोणाच्याच खासगी मालकीचं नाही, ते लोकांचं आहे आणि राज्य सरकार ते लोकांच्या वतीने सांभाळतं. सुप्रीम कोर्टाच्या १८४२ आणि १८९६ च्या निकालांपासून ही कल्पना रुजत गेली. म्हणजे सीझन कधी, एका माणसाने किती मारायची, लायसन्स किती रुपयांचं सॉरी डॉलरचं, हे सगळं राज्य ठरवतं, पण फाटक कोणासाठी उघडायचं आणि झाडी ठेवायची की साफ करायची हे मालक ठरवतो. त्यामुळे दोघांनाही एकमेकांशिवाय गत नाही. टेक्सासमध्ये तर ९० टक्क्यांच्या वर जमीन खासगी आहे, तिथे मालकाने मनावर घेतलं नाही तर राज्याच्या वन्यजीव खात्याने कितीही नियम काढले तरी रानात काही बदलत नाही. म्हणून १९९५ मध्ये तिथे राज्यघटनेतच दुरुस्ती झाली, आधीपासून शेतीच्या दराने कर भरणारा मालक वन्यजीवांसाठी जमीन ठेवूनही तोच कमी कर भरू शकतो. अट अशी की अधिवास सुधारणं, धूप थांबवणं, शिकारी जनावरांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा आणि मोजणी या सातांपैकी निदान तीन कामं दरवर्षी करून दाखवायची.

दुष्काळातून सुकाळ, आणि सुकाळाचीच अडचण

१९०० च्या आसपास अख्ख्या देशात व्हाइटटेल जेमतेम काही लाख उरली होती, कातडं आणि मांस बाजारात विकायला लोकांनी वाट्टेल तशी मारली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावराचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला, हरणं पकडून रिकाम्या भागात नेऊन सोडली गेली, मादी मारायची नाही असा नियम बसला. आज आकडा ३ कोटींच्या आसपास सांगतात. गंमत म्हणजे ज्या नियमाने हरीण वाचलं तोच नियम पुढे गळ्याशी आला, कारण मादी मारणं म्हणजे पाप हे शिकाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अल्डो लिओपोल्डने १९३३ मध्ये या विषयाचं पहिलं पाठ्यपुस्तक लिहिलं त्यात त्याचा मुद्दा असा होता की कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक यांनीच रानातली जनावरं संपवली, आणि डोकं वापरलं तर याच पाच गोष्टींनी ती परत आणता येतात. ९० वर्षं होऊन गेली, नवी यंत्रं आली, कॅमेरे आले, पण यादीत सहावं हत्यार काही कोणाला फारसं घालता आलेलं नाही.

हरीण खातं काय

इथे नवा मालक हमखास चुकतो. हिरवंगार गवत बघून त्याला वाटतं हरणांची चंगळ आहे. हरीण म्हणजे गाय नव्हे. त्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, जून गवत त्याला नीट पचत नाही, म्हणून ते निवडून निवडून खातं, रुंद पानाची रानटी रोपं ज्यांना आपण सरळ तण म्हणतो ती, झुडपांचे आणि वेलींचे कोवळे शेंडे, आणि पानगळीच्या दिवसांत ओकच्या बिया. गवताचा वाटा फारच थोडा, तोही कोवळ्या फुटीचा. शिंगं वाढणाऱ्या नराला आणि दूध पाजणाऱ्या मादीला खाण्यात साधारण १६ टक्के प्रथिनं लागतात, आणि ती बहुतेक या तणातूनच मिळतात. म्हणजे तणनाशक मारून चकाचक केलेलं कुरण हरणाच्या दृष्टीने जवळपास वाळवंटच.

ओकचंही एक गणित आहे. पांढऱ्या ओकच्या बिया एकाच वर्षात तयार होतात आणि कमी तुरट असतात, लाल ओकच्या बियांना दोन मोसम लागतात. वसंतातल्या उशिराच्या थंडीने एका जातीचा मोहोर गेला तरी दुसरीचं पीक त्या वर्षी वाचू शकतं, म्हणून जाणता मालक दोन्ही जाती राखतो.

कुऱ्हाड आणि आग

दाट जंगल बघायला छान, पण वर पानांचं छत मिटलं की खाली ऊन नाही, ऊन नाही म्हणून हरणाच्या तोंडाच्या उंचीवर खायला काही नाही. म्हणून कामाची नसलेली झाडं काढून विरळणी करतात, ओक आणि फळझाडं ठेवतात, काही झाडं अर्धवट कापून आडवी पाडतात म्हणजे ती जिवंत राहून खालीच फुटतात आणि आडोसाही होतो.

त्यानंतर आग. आग्नेय राज्यांतल्या पाइनच्या रानात दोन-तीन वर्षांनी एकदा, वारा आणि हवेतला ओलावा बघून, आधी जाळपट्टे (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढून ठरवून जाळतात, आणि सगळं एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने, म्हणजे एक तुकडा ताज्या फुटीचा, एक लपायला उंच वाढलेला असं राहतं. हे ज्ञान हरणामुळे नाही, लावरीमुळे आलं. हर्बर्ट स्टॉडर्डने १९२४ पासून काही वर्षं जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवरच्या रेड हिल्स भागातल्या खासगी इस्टेटींवर लावरीचा अभ्यास केला आणि आग बंद केल्यामुळे पाखरू कमी होतंय असं सांगितलं, तेव्हा वनखात्याची मंडळी आग म्हणजे शत्रूच मानत होती. पुढे १९५८ मध्ये त्याच भागात टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र उभं राहिलं आणि ठरवून जाळण्याचा अभ्यास तिथे अजून चालू आहे.

फूड प्लॉट आणि मका

सगळ्यात जास्त पैसा जातो तो इथे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी गरज असते तीही इथेच. फूड प्लॉट म्हणजे हरणांसाठी पेरलेला शेताचा तुकडा, उन्हाळ्यात चवळी, थंडीत ओट, गहू, क्लोव्हर हा घासासारखा चारा. प्लॉटमध्ये एक छोटा जाळीचा पिंजरा ठोकून ठेवायचा, आतलं आणि बाहेरचं पीक बघितलं की हरणं किती खातायत ते कळतं. बाहेर बोटभर आणि आत गुडघाभर असेल तर बियाणं बदलून उपयोग नाही, हरणं जास्त झालीत.

मक्याचं फीडर, म्हणजे हरणांसाठी मका टाकणारी पेटी, तर अजून बेभरवशाचं. मक्यात ताकद आहे पण प्रथिनं कमी, भर थंडीत उपाशी हरणाने एकदम पोटभर मका खाल्ला तर पोटात आम्ल वाढून ते मरूही शकतं, आणि मक्याला बुरशी लागून तयार होणारं विष टर्की-लावरीला भोवतं. अनेक राज्यांत खाद्य टाकण्यावर बंदी किंवा मर्यादा आहे.

माद्या मारणं

नोव्हेंबरच्या आसपास माज, मग साधारण २०० दिवस गाभण, मे-जूनमध्ये पाडसं, आणि चांगली खाल्लीप्याली मादी बहुतेक वेळा जुळी देते. म्हणजे नुसते नर मारत राहिलं तर कळप वाढतच जातो, वर नर कमी पडतात, काही माद्या पहिल्या माजात गाभण राहत नाहीत, महिनाभराने परत माजावर येतात, त्यांची पाडसं उशिरा जन्मून थंडीला लहानच सापडतात. १९७५ मध्ये टेक्सासच्या अल ब्रदर्स आणि मर्फी रे या दोन जीवशास्त्रज्ञांनी सरळ सांगितलं की पुरेशा माद्या मारा आणि कोवळे नर सोडा. १९८८ मध्ये साउथ कॅरोलिनात या विचाराची संघटना झाली आणि तो देशभर पसरला.

शिंगांचं वेड मात्र सुटत नाही. शिंगं वय, खाणं आणि रक्त या तिघांवर ठरतात, पैकी मालकाच्या हातात पहिली दोन. नराची शिंगं पाच ते सात वर्षांच्या वयात पूर्ण भरतात, पण तेवढा जगू देतो कोण. मिसिसिपीने १९९५ मध्ये शिंगांना चारपेक्षा कमी टोकं असलेला नर मारायचा नाही असा नियम केला, तर झालं उलटंच, दीड वर्षाचे सगळ्यात जोमदार नर चार टोकं गाठून लगेच गोळीला आले आणि किरकोळ तेवढे मागे राहिले. आणि ‘वाईट रक्ताचे’ नर निवडून मारून जात सुधारण्याचे प्रयत्न दक्षिण टेक्सासमधल्या अभ्यासांत खुल्या रानात फसलेलेच दिसले.

मोजणी

दर १०० एकरांना एक कॅमेरा, दहा-चौदा दिवस, नर शिंगांवरून वेगवेगळे ओळखायचे आणि त्या प्रमाणात फोटोंवरून माद्या-पाडसांचा अंदाज काढायचा, ही पद्धत आता सर्रास आहे. मारलेल्या हरणाचं वजन, मादीच्या कासेत दूध आहे का, आणि खालचा जबडा याची नोंद ठेवतात, दाढांच्या झिजेवरून वय काढायची रीत १९४९ पासूनची आहे. पण सगळ्यात स्वस्त मोजणी डोळ्यांनी होते. सुमारे चार-पाच फुटांच्या खाली सगळ्या झाडांचा पाला सरसकट कापल्यासारखा गायब असेल तर कॅमेरा लावायच्या आधीच उत्तर मिळालेलं असतं.

एका हरणाचा वावर साधारण ६४० एकरांपर्यंत जातो, जागेप्रमाणे कमीजास्त. १०० एकरवाल्याने कितीही जीव टाकला तरी त्याने सोडलेला नर शेजारी मारतो, म्हणून शेजारचे मालक मिळून को-ऑप करतात आणि नियम एकत्र ठरवतात. काही जण त्यापेक्षा आठ फुटी कुंपण घालून मोकळे होतात.

वाळत जाण्याचा रोग

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत पहिल्यांदा दिसलेला रोग, आता ३० पेक्षा जास्त राज्यांत पोचलाय. कारण जंतू नाही, बिघडलेलं प्रथिन, प्रायॉन. लस नाही, औषध नाही, लागण झालेलं हरीण मरतंच, आणि लाळ-मुताद्वारे जमिनीत गेलेला प्रायॉन वर्षानुवर्षं टिकतो. सगळी हरणं एकाच फीडरला तोंड लावतात तिथे तो पसरायला सोपं जातं, कुंपणातली जनावरं ट्रकने इकडून तिकडे नेली की तो शेकडो मैल उडी मारतो. रोग सापडलेल्या भागात बरीच राज्यं खाद्य टाकणं बंद करतात, मारलेल्या हरणाचं डोकं तपासणीला द्यायला सांगतात आणि मेंदू-मणका भागाबाहेर न्यायला मनाई करतात.