सी प्रोटेस्ट

समुद्रात जहाजावर काही विपरीत घडले, किंवा घडले असावे अशी रास्त शंका असली, तर पुढच्या बंदराला लागताच कप्तानाने नोटरीसमोर, आपल्या देशाच्या वकिलातीत किंवा स्थानिक कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर शपथेवर केलेले लेखी निवेदन. वादळ, टक्कर, आग, जहाज खडकावर किंवा वाळूत चढणे, होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवण्याच्या खणात, पाणी शिरणे, जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकणे ही त्याची नेहमीची कारणे. व्यापारी जहाजावर कप्तानाचे अधिकृत पद ‘मास्टर’ असते, म्हणून ‘मास्टर्स प्रोटेस्ट’ हेही नाव चालते.

‘प्रोटेस्ट’ म्हणजे निषेध, असे मानून वाचले तर हा दस्तऐवज कळत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाहीरपणे साक्ष देणे असा आहे आणि जहाजांच्या व्यवहारात तोच टिकला. जुन्या मसुद्यांत कप्तान वारा, हवामान आणि समुद्र यांच्याविरुद्ध प्रोटेस्ट नोंदवतो. वाऱ्यावर कोणी दावा लावत नाही. झालेले नुकसान निसर्गाने केले, माझ्या किंवा माझ्या माणसांच्या हयगयीने नव्हे, एवढेच त्याला शपथेवर सांगायचे असते.

असे सांगण्याची गरज फार जुनी आहे. रोमन साम्राज्यात सरकारी धान्य वाहणाऱ्या जहाजमालकाला जहाज बुडाल्यास प्रांताच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन ते सिद्ध करावे लागे. इ. स. ४३८ च्या थिओडोसियन संहितेत जहाजबुडीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि खलाशांचा छळ करून जबानी घेण्याची तरतूदही त्यात आहे. धान्य परस्पर विकून वादळाचे निमित्त पुढे केले जाईल, हा संशय त्यामागे दिसतो. मध्ययुगात पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या ओलेरोंच्या नियमांत छळाची जागा शपथेने घेतली. माल समुद्रात फेकला असेल तर कप्तानाने किनाऱ्याला लागल्यावर आपल्या एक-तृतीयांश खलाशांसह शपथ घ्यायची, की माणसे, जहाज आणि उरलेला माल वाचवण्यासाठीच हे केले. आजही कप्तानाच्या सहीखाली एखाद-दुसऱ्या अधिकाऱ्याची आणि खलाशाची सही घेतात, त्या रिवाजाचा धागा इथपर्यंत मागे जातो.

प्रोटेस्टचे दोन टप्पे असतात. पहिल्यात तो थोडक्यात ‘नोंदवतात’ आणि दुसऱ्यात, गरज पडली तरच, त्याचा तपशीलवार ‘विस्तार’ करतात. नोंद बंदराला लागल्यापासून २४ तासांच्या आत आणि हॅच (होल्डची वरची झडप) उघडण्यापूर्वी करावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. नोंदीचा मजकूर साधारण असा असतो: जहाज अमुक दिवशी अमुक माल घेऊन निघाले, अमुक तारखेपासून वाऱ्याचे बळ सांगणाऱ्या बोफर्ट मानावरील ९ ते १० बळाच्या वाऱ्यात सापडले, डेकवरून आणि हॅच कव्हरांवरून सतत लाटा जात होत्या, जहाजाचे व मालाचे नुकसान झाले असावे अशी भीती वाटते, म्हणून मी प्रोटेस्ट नोंदवतो आणि योग्य वेळी, योग्य स्थळी त्याचा विस्तार करण्याचा हक्क राखून ठेवतो.

यातले ‘भीती वाटते’ हे शब्द फार मोलाचे आहेत. हॅच अजून बंद आहे, आत काय झाले आहे हे कप्तानाला दिसलेले नाही. माल भिजलेला पाहून मग वादळाची आठवण झाली, असा आक्षेप घेता येऊ नये यासाठी तो आधी बोलतो. हॅच उघडल्यावर सर्वेक्षक येतात. भिजलेल्या मालावर किंवा होल्डच्या पोलादी भिंतीवर ते सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. पांढरा साका आला तर क्षार आहेत, म्हणजे पाणी बहुधा समुद्राचे. साका आला नाही तर ते पावसाचे असेल किंवा होल्डच्या आत दमट हवेचे साचलेले दवपाणी असेल, आणि मग वादळाचा प्रोटेस्ट कितीही नीट लिहिलेला असला तरी प्रश्न वायुवीजनाकडे वळतो. प्रोटेस्ट पुरावा पुरा करत नाही. कोणत्या वेळी कोणाला काय ठाऊक होते, ते मात्र पक्के करतो.

नोटरी वादळ पाहायला गेलेला नसतो. निवेदन खरे आहे असे त्याचा शिक्का म्हणत नाही. हीच व्यक्ती कप्तान आहे, तिने या दिवशी या वेळी शपथ घेऊन माझ्यासमोर सही केली, आणि सोबतचा लॉगबुकाचा, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीचा, उतारा मुळाशी जुळतो, एवढ्याची तो ग्वाही देतो. म्हणून मूळ लॉगबुक बरोबर न्यावे लागते. मसुदा बहुधा जहाजाचा एजंट किंवा विमा क्लबचा (जहाजमालकांच्या परस्पर-विमा संस्थेचा) प्रतिनिधी तयार ठेवतो, पण शपथ कप्तानाची असते. दोन-दोन रात्री ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) उभ्या राहिलेल्या माणसापुढे छापील मजकूर ठेवून ‘इथे सही करा’ म्हणणे हा या कामातला सर्वांत धोकादायक क्षण आहे. लॉगमध्ये बळ ८ आणि प्रोटेस्टमध्ये बळ १० असे निघाले, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला दुसरे काही शोधावे लागत नाही. ‘भयंकर’, ‘अभूतपूर्व’ अशी विशेषणे उपयोगाची नाहीत. वाऱ्याची दिशा, वेग किती कमी केला, मार्ग केव्हा बदलला, पंप किती तास चालवले, हे लागते. टक्कर झाली असेल तर वेळ, स्थान, दिशा आणि वेग सांगून थांबावे. दोष कोणाचा, यावर शपथेवर मत देण्याची ती जागा नव्हे.

या कागदाचे वजन देशागणिक बदलते. इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेत प्रोटेस्ट जहाजमालकाच्या बाजूने पुरावा म्हणून सहसा चालत नसे, पण कप्तानाची पुढची साक्ष खोडण्यासाठी त्याच्याविरुद्ध वापरता येई. युरोप खंडातील कायद्यांत त्याला जास्त मान आहे. इटलीत कप्तानाने २४ तासांत बंदर-अधिकाऱ्याला किंवा वकिलातीला अहवाल द्यायचा आणि तो न्यायालयाने पडताळायचा अशी पद्धत आहे. रशियाच्या १९९९ च्या व्यापारी नौकानयन संहितेत नोटरी कप्तानाबरोबर इतर अधिकारी व खलाशांच्याही जबान्या घेतो. स्पेनने २०१४ च्या सागरी नौकानयन कायद्याने हे काम नोटरींकडे सोपवले. भारताच्या १९५२ च्या नोटरी कायद्यात कलम ८ मध्ये जहाजाचा प्रोटेस्ट नोंदवणे आणि तयार करणे हे नोटरीचे काम म्हणून स्पष्ट नमूद आहे. परक्या बंदरातल्या वकिलातीला प्रवासाविषयी निवेदने घेण्याचा अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना करारातून मिळतो. नोटरीचा कागद दुसऱ्या देशात वापरायचा तर १९६१ च्या हेग करारानुसार त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणपत्र, घेता येते. वकिलातीने केलेले कागद त्या कराराबाहेर आहेत.

नुकसानाचा हिशेब कोण भरणार, हा या सर्वामागचा प्रश्न. सागरी मालवाहतुकीच्या १९२४ च्या हेग नियमांनुसार ‘समुद्रातील संकटे’ या कारणाने वाहतूकदाराची सुटका होऊ शकते. मात्र निघण्यापूर्वी जहाज प्रवासाला योग्य करण्यात त्याने पुरेशी दक्षता घेतलेली असावी लागते. मालधन्याला दावा लावायला वर्षभराची मुदत असते, आणि तोवर निम्मे खलाशी दुसऱ्या जहाजांवर गेलेले असतात. जहाज वाचवण्यासाठी माल फेकला किंवा मुद्दाम भिजवून आग विझवली, तर तो तोटा जहाजमालक आणि सर्व मालधनी यांच्यात वाटला जातो. त्याला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. त्याचा हिशेब बहुधा यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय नियमांनी होतो, आणि हिशेबनीस सर्वांत आधी जे कागद मागतो त्यांत प्रोटेस्ट असतो.

आता जहाजांवर प्रवासाच्या नोंदी ठेवणारे यंत्र, व्हीडीआर, असते. जुन्या यंत्रांत केवळ १२ तासांची नोंद राहून त्यावर नवी चढत असे, म्हणून घटनेनंतर ती लगेच जतन करावी लागे. नव्या यंत्रांत ती ३० दिवस टिकते. ब्रिजवरचे आवाज, रडार आणि मार्ग त्यातून कळतात. मालाबद्दल कप्तानाला कोणती शंका होती, हे मात्र त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कळत नाही. ध्वजदेशाने (जहाज जिथे नोंदलेले आहे त्या देशाने) केलेली अपघाताची सुरक्षा-चौकशी वेगळी. ती पुढचे अपघात टाळण्यासाठी असते, दायित्व ठरवण्यासाठी नव्हे, आणि प्रोटेस्ट नोंदवला म्हणून घटना कळवण्याच्या जबाबदारीतून कप्तान सुटत नाही.

‘लेटर ऑफ प्रोटेस्ट’शी याची गल्लत करू नये. टँकरवर मोजमापात तफावत आली किंवा माल चढवण्यास उशीर झाला की कप्तान टर्मिनलला जे पत्र देतो ते हे. त्याला शपथ लागत नाही, नोटरीही लागत नाही; समोरच्याची पोच घेतली की झाले.