पुण्यातली पोरं सायकलवरून कधी उतरली?

पोरं हल्ली शाळेत सायकलने का जात नाहीत म्हटलं की "आजकालचे आईबाप लाडच फार करतात" हे उत्तर तयारच असतं. मला नाही पटत. सगळी भानगड घर आणि शाळा यातल्या अंतराची आहे.

जुनं पुणं म्हणजे पेठा आणि शाळा पण तिथेच. न्यू इंग्लिश स्कूल 1880, नूमवि (नूतन मराठी विद्यालय) 1883, हुजूरपागा 1884. नारायण-सदाशिवातली पोरं पहिली घंटा ऐकून वाड्यातून निघायची तरी पोचायची. मग 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठचे वाडे गेले, कितीतरी पूरग्रस्त गोखलेनगर, सहकारनगरकडे राहायला गेले, पण शाळा राहिल्या जिथल्या तिथेच. एवढं अंतर रोज चालवत नाही आणि बसचा भरवसा नाही, त्यामुळे सायकलच. दप्तर कॅरियरला, डबा हँडलला, आणि वडिलांची मोठी सायकल असली तर सीटवरून पाय पुरायचे नाहीत मग दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत जायचं. डबलसीट दिसलं की चौकातला पोलीस अडवायचा ते वेगळंच.

1972 मध्ये लूना मोपेड आली, चेतक स्कूटर पण त्याच वर्षी, आणि दोन्ही इथल्याच कंपन्यांच्या. आधी ऑफिसवाले सायकलवरून उतरले. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं, मग दहावी झाली की पोरगं पण उतरलं.

पण खरा दणका नंतरचा. 1997 ला आजूबाजूची गावं मनपात आली, शहर पसरलं, मोठ्या पटांगणाच्या नव्या शाळा पार कडेला निघाल्या आणि कोथरूडचं पोर बावधनला, हडपसरचं आणखी कुठे. तिथे सायकल काय करणार? रिक्षाकाका आले, मग व्हॅनकाका, आणि 2011 ला राज्याने स्कूलबसची वेगळी नियमावलीच काढली.

सायकल ट्रॅक झाले नाहीत असं नाही. 2006 ला बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनबरोबर, सातारा रोडला झाले, 2017 ला मनपाने सायकल आराखडाही मंजूर केला. पण ट्रॅकवर मधेच विजेच्या डीपीचा बॉक्स, पुढे पार्क केलेल्या गाड्या, पाचवीतलं पोर तिथून जाणार कसं?

आणि जवळची शाळा मिळाली तरी गंमत बघा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, प्रवेशात एक किलोमीटरच्या आतल्या घरांना आधी नंबर, पण ते अंतर मॅपवर सरळ रेषेत मोजतात. वारजे-बाणेरकडे त्या रेषेत मधे हायवे येतो, पोर सायकलने तो ओलांडणार कसा?