चंद्रकोर, शुक्र आणि पहाटेची वीस-पंचवीस मिनिटे

अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी पहाटे पूर्वेला उगवलेली बारीक चंद्रकोर आणि तिच्याशेजारी शुक्र, हे दृश्य डोळ्यांना जितके सहज दिसते तितके कॅमेऱ्यात सहज उतरत नाही. एक तर कोर पांढऱ्या डागासारखी फुटते, नाही तर बाकी सारे काळे पडते.

चंद्राचा उजळ भाग म्हणजे भर उन्हात पडलेला खडकाळ प्रदेश. म्हणूनच पौर्णिमेच्या चंद्राला एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप) आणि आयएसओ १०० (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) असताना सुमारे १/१०० सेकंद पुरतो. कोर त्याहून बरीच मंद असल्याने तिला काही पट अधिक वेळ द्यावा लागतो. कोरीच्या कुशीतला धूसर भाग मात्र पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने उजळलेला असतो, हे लिओनार्दो दा विंची यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले होते. चंद्र आपल्याला जितका बारीक दिसतो, तितकी चंद्रावरून पृथ्वी पूर्ण दिसते, त्यामुळे ही आभा बारीक कोरीतच सर्वांत खुलते. ती टिपण्यासाठी शटर सेकंदभर उघडे ठेवले की कोर अतिप्रकाशित होते, आणि मला वाटते, ही तडजोड मोकळेपणाने स्वीकारावी किंवा दोन वेगळी छायाचित्रे घ्यावीत.

खरा आधार संधिप्रकाशाचा असतो. सूर्य क्षितिजाखाली १२ ते ६ अंशांवर असताना आकाश गडद निळे होते आणि कोरीची पार्श्वभूमी काळी राहत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्यामुळे विषुववृत्ताजवळ हा काळ जेमतेम २४ मिनिटांचा, तर उच्च अक्षांशांवर अधिक असतो. त्याचा पूर्वार्ध मला अधिक मोलाचा वाटतो, कारण उत्तरार्धात उजळत्या आकाशात ती आभा विरून जाते. या काळात दर दोन-तीन मिनिटांनी एक्स्पोजर बदलत राहावे. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर हवाच, आणि फोकस कोरीच्या कडेवर हाताने साधावा.

आकाशात दिसणारा चंद्राचा व्यास सुमारे १८०० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), तर शुक्राचा जास्तीत जास्त ६०च्या आसपास आणि गुरूचा ५०. म्हणून २०० मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर चंद्र जेमतेम १.८ मिलिमीटरचा उमटतो आणि ग्रह ठिपकेच राहतात. तरीही त्याच लेन्सने, आकाश पुरेसे काळे असताना, गुरूवर एका सेकंदाचे एक्स्पोजर दिले, तर गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिलेले चार चंद्र त्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत उमटलेले दिसू शकतात.