दम देणे आणि दम धरणे

मागच्या महिन्यात, नागपूरच्या सदरमधल्या आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या सभेत एका पोरानं विचारलं, "भाऊ, पौल म्हनते मर्दासारखे वागा, अन् येशू म्हनते दुसरा गाल पुढं कर. मंग पोट्ट्यानं नेमकं करावं काय?" कोणी हसलं नाही. आदल्याच रविवारी उपासना सुटल्यावर फाटकाबाहेर गाडीला गाडी घासली म्हणून दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या होत्या. विचारणारा त्या दोघांतलाच एक होता.

त्याचं उत्तर मला आपल्या बोलीतच सापडलं. मराठीत 'दम' हा शब्द एकच, पण त्याला क्रियापदं दोन लागतात. 'त्याला दम दिला' म्हणजे धमकावलं, घाबरवलं. 'जरा दम धर' म्हणजे तग धर, घाई करू नको. दम देणारा आणि दम धरणारा, दोघंही माणसं बाहेरून सारखीच दिसतात. दोघंही जागचे हलत नाहीत, दोघंही नजर खाली घालत नाहीत. म्हणून गल्लत होते, आणि ख्रिस्ती शिकवणीतली मर्दानगी कोणती हे ठरवताना तर फारच होते.

पौल हा येशूचा प्रेषित. आधी त्याचं वाक्य नीट पाहू. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी, १६ व्या अध्यायात तो लिहितो: "सावध असा, विश्वासात स्थिर राहा, मर्दासारखे वागा, खंबीर व्हा." इथलं ग्रीक क्रियापद 'आन्द्रिझेस्थे' पुरुषवाचक शब्दावरूनच बनलेलं आहे आणि सबंध नव्या करारात ते एवढ्या एकाच ठिकाणी येतं. पण पत्र करिंथ शहरातल्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीला आहे. ते ऐकायला बायाही बसल्या होत्या, आणि ही आज्ञा त्यांनाही होती. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद इस्राएलांचा पुढारी यहोशवा याच्या तोंडावर यार्देन नदी असताना त्याला दिलेल्या आज्ञेत येतं. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तिथे 'हिंमत धर' असं आहे. धर. दाखव नाही.

आणि पौल तिथे थांबत नाही. लगेच पुढचं वाक्य: "तुम्ही जे काही करता ते सर्व प्रीतीने करा." भिंतीवर लावायच्या तक्त्यांवर बहुतेक वेळा पहिलं वाक्य येतं आणि दुसरं सुटतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. मर्दानगी कशी वापरायची ते दुसऱ्या वाक्यात आहे.

या दोन दमांमधला फरक येशूचा शिष्य पेत्र याच्या एका रात्रीत जितका स्पष्ट दिसतो तितका मला दुसरीकडे कुठेच दिसत नाही. गेथशेमाने बागेत येशूला धरायला शिपाई येतात. पेत्र तलवार उपसतो आणि प्रमुख याजकाच्या मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान कापतो. समोर हत्यारबंद टोळी असताना एकट्यानं तलवार काढणं ही लहान गोष्ट नव्हे. त्या क्षणी त्याला कोणी भित्रा म्हटलं नसतं. येशू मात्र तलवार म्यानात घालायला सांगतो आणि त्या दासाच्या कानाला हात लावून तो बरा करतो.

येशूला धरून नेल्यावर काही तासांनी हाच पेत्र प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा आहे. एक दासी विचारते, तूही त्याच्या शिष्यांपैकी ना? हत्यारबंद टोळीपुढे न डगमगलेला माणूस एका मोलकरणीपुढे 'नाही' म्हणतो. एकदा नाही, तीनदा. मग कोंबडा आरवतो. दम देण्याची ताकद त्याच्यात भरपूर होती. दम धरायची वेळ आली तेव्हा ती कामी आली नाही.

त्याच रात्री, त्याच वाड्यात दुसरा प्रसंग घडतो. चौकशी चालू असताना एक शिपाई येशूच्या तोंडावर चपराक मारतो. येशू उलटा हात उगारत नाही. पण मान खाली घालून गप्पही बसत नाही. तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि चांगलं बोललो असेन तर मला का मारतोस? आवाज न चढवता, प्रश्न थेट मारणाऱ्यालाच. दुसरा गाल पुढे करणं म्हणजे काय ते मला इथे कळतं. येशूच्या त्या शिकवणीत मार उजव्या गालावर आहे. उजव्या हाताच्या माणसाला समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा करावा लागतो. तो मार अपमानासाठी असतो. दुसरा गाल देणारा पळतही नाही आणि मारणाऱ्यासारखा होतही नाही.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक १८९३ साली आपल्याच नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. त्यांना त्यात सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं, दुसऱ्या गालाची गोष्ट असलेल्या त्याच प्रवचनानं. टिळक किती तापट होते हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आडपडदा न ठेवता लिहून ठेवलं आहे. तापट माणसाला हे प्रवचन दुबळ्याचं वाटलं नाही, ही गोष्ट मी तरुण संघातल्या पोरांना मुद्दाम सांगतो.

तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अॅक्विनास यांनी हे तर्कानं मांडलं. चाल करून जाण्यापेक्षा तग धरणं अवघड, आणि धैर्याचं मुख्य काम तेच, असं त्यांचं म्हणणं. चाल करणारा स्वतःला वरचढ समजत असतो, सोसणाऱ्याच्या समोर त्याच्यापेक्षा बलवान असतो. चाल करणाऱ्याला धोका पुढचा असतो, सोसणाऱ्याला तो आत्ता अंगावर असतो. आणि चाल क्षणाची असते, सोसणं लांबतं.

ते लांबणं कसं असतं ते मी पाहिलंय. आमच्या मंडळीतल्या एका ऑटोवाल्या भाऊंच्या पत्नीला लकवा मारून चार वर्षं झाली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. एका मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, मी त्यांच्याकडे रात्री थांबलो होतो. बाराला, दोनला, चारला ते गजराशिवाय उठले. खालच्या चादरीची टोकं मुठीत घेऊन त्यांनी पत्नीला अलगद वळवलं, ओल्या फडक्यानं पाठ पुसली, कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि परत खाली सतरंजीवर आडवे झाले. सहाला ऑटो स्टँडवर. इफिसकरांच्या पत्रात पौल नवऱ्यांना सांगतो, ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती करून स्वतःला तिच्यासाठी दिलं तशी बायकोवर प्रीती करा. बायकांनी अधीन राहावं ही त्याआधीची ओळ बऱ्याच पुरुषांना पाठ असते. नवऱ्यांना सांगितलेली ही ओळ त्या रात्री मी त्या खोलीत पाहिली.

म्हणूनच येशूच्या पुनरुत्थानानंतर तिबेरिया सरोवराच्या काठी जे झालं ते मला इतकं महत्त्वाचं वाटतं. तिथेही कोळशाचा विस्तव आहे. येशू पेत्राला 'पुन्हा घाबरशील का' असं विचारत नाही. तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस ना? आणि मग त्याला कसं मरण येणार ते सांगतो, म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील आणि दुसरा तुला नको तिकडे नेईल. धैर्य कुठून येणार होतं ते त्या प्रश्नात होतं. "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" असं योहान आपल्या पत्रात लिहितो ते याच अर्थानं.

एक खबरदारी मात्र हवीच. मार खाणाऱ्या बाईला 'दम धर, सोस' म्हणून परत त्याच घरात पाठवणं ही ख्रिस्ती शिकवण नाही. ते दम देणाऱ्याला पाठीशी घालणं आहे. तिला आधी सुरक्षित जागी न्यायचं, पोलिसांत जायचं असेल तर सोबत जायचं. पौलानंही अन्याय झाकला नाही. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करताच उघड्यावर छड्या मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला की गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, चारचौघांत मारलंत आणि आता चोरून सोडता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरून आले, विनवण्या केल्या, त्यांना बाहेर घेऊन गेले आणि शहर सोडून जा म्हणाले. ते दोघं मात्र आधी लुदिया नावाच्या विश्वासी बाईच्या घरी गेले, तिथल्या बंधुजनांना भेटले, त्यांना धीर दिला, आणि मग निघाले.